साचल्या पाण्यावरचे रंग : प्रस्तावना

‘तवंग’ हा शब्द मराठी माणसाला दोन जागी भेटतो. मिसळीच्या कटावर लाल तवंग आला की जीभ चाळवते. डबक्यावर रंगीत तवंग दिसला की आपण कपडे सावरून कडेकडेने जातो. मनात वाक्य तयार असतं : कुणीतरी तेल सांडलंय. शहरात, महामार्गालगत, बंदरात ते वाक्य बहुतेक वेळा खरं ठरतं. पण रानात, मळ्यात, सड्याच्या पायथ्याशी, जिथे ना गाडी पोचते ना पंप, तिथेही साचल्या पाण्यावर मोरपंखी, गुलाबी, तांबूस रंग पसरलेले दिसतात. कुणी काही सांडलेलं नसतं. हे पुस्तक त्या रंगांविषयी आहे.

या विषयाशी माझी गाठ पडली ती एका आरोपामुळे. मी अकरा वर्षांची होते. गणपतीला आजोळी गेले होते, सिंधुदुर्गातल्या एका लहान गावात. घरामागे जांभ्याचा सडा, म्हणजे कातळाचा सपाट माळ, आणि त्याच्या उतरणीला एकाखाली एक भाताचे कुणगे, म्हणजे खाचरं. पाऊस दोन दिवस उघडला होता, पण सड्याने तीन महिने पिऊन ठेवलेलं पाणी ठिकठिकाणी पाझरत होतं. अगदी खालच्या कुणग्याच्या मेरेजवळ, बांधाजवळ, परातीएवढं डबकं साचलं होतं आणि त्यावर रंग होते. मधोमध निळसर जांभळे, कडेला पिवळे, मध्येच तांब्याची झाक. वरच्या अंगाला शेजाऱ्यांचा डिझेलचा पंप होता. मी धावत घरी गेले आणि ओसरीवर चार माणसं बसलेली असताना मोठ्याने सांगितलं, की शेजाऱ्यांच्या पंपाचं तेल आपल्या शेतात उतरतंय.

आजी काही बोलली नाही. माझ्याबरोबर मेरेपर्यंत आली, उकिडवी बसली, डबक्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “अगो, ता तेल न्हय. काडी घालून बघ.”

मी काडी घातली. तवंग फुटला. मी ‘फुटला’ हा शब्द जाणूनबुजून वापरते आहे. पातळ काच तडकावी तसे त्याचे तुकडे झाले, सरळ कडांचे, टोकदार कोपऱ्यांचे. काडी बाहेर काढली तरी ते परत जुळले नाहीत. मध्ये काळ्या पाण्याच्या भेगा तशाच राहिल्या आणि तुकडे आपापले रंग घेऊन सुटे तरंगत राहिले. मग आजीने घरातून एका करवंटीत पाणी आणि चिमणीतलं थेंबभर रॉकेल आणायला लावलं. थेंब पाण्यावर पडताच रंगांची वलयं पसरली. त्यातून काडी फिरवली, तर रंग काडीभोवती वळले, ताणले गेले आणि काडीच्या मागे पुन्हा एक झाले. करवंटी डबक्याशेजारी ठेवून मी किती वेळ दोन्हीकडे पाहत होते ते आठवत नाही. शेजाऱ्यांच्या पंपाबद्दल मी ओसरीवर जे बोलले होते ते खोटं होतं, एवढं मात्र पक्कं कळलं. संध्याकाळी आजीने मला त्यांच्या घरी नेऊन तसं सांगायला लावलं.

त्या दिवसापासून मला पाण्यावरचा रंग हा एक प्रश्न वाटत आला आहे, उत्तर नव्हे. पुस्तकात पुढे जे काही आहे ते त्या प्रश्नामागे चालत जाऊन सापडलेलं आहे. आत शिरण्याआधी वाचकाच्या हाती काही गोष्टी असाव्यात, म्हणून ही प्रस्तावना.

पहिली गोष्ट रंगांची. साचल्या पाण्यावरचा रंगीत तवंग कशाचाही असो, त्याच्या रंगाचं कारण सारखंच असतं, आणि ते त्या पदार्थाच्या स्वतःच्या रंगात नसतं. शुद्ध रॉकेल जवळजवळ रंगहीन असतं आणि गंज नारिंगी असतो, तरी दोघांचा पातळ थर पाण्यावर तेच निळे-गुलाबी रंग दाखवतो. थराच्या वरच्या पृष्ठभागावरून प्रकाशाचा एक वाटा परत फिरतो, दुसरा वाटा थरातून खाली जाऊन तळाच्या पृष्ठभागावरून फिरतो. दोन्ही पुन्हा एकत्र येतात तेव्हा दुसऱ्याने किंचित जास्त वाट चाललेली असते. प्रकाश लाटांनी चालतो : दोन लाटांचे माथे जुळले तर लाट मोठी होते. एकीचा माथा दुसरीच्या खळग्यात पडला तर दोन्ही विरतात. प्रत्येक रंगाच्या लाटेची लांबी वेगळी, म्हणून थराची जाडी ठरवते की कोणता रंग उजळेल आणि कोणता विझेल. डोकं जरा हलवलं की प्रकाशाची वाट बदलते आणि रंगही सरकतो.

शाळेत आपण ‘तानापिहिनिपाजा’ पाठ केलेलं असतं. तवंगावर ते लावून पाहिलं की गडबड होते, कारण तिथे भडक गुलाबी दिसतो आणि तो इंद्रधनुष्यात कुठेच नाही. याचं कारण सुंदर आहे. इंद्रधनुष्य रंगांची वाटणी करतं, प्रत्येकाला आपापल्या जागी बसवतं. तवंग रंगांची वजाबाकी करतो. पांढऱ्या प्रकाशातून हिरवा विझला की उरलेले मिळून गुलाबी होतात. लाल विझला की निळसर हिरवा उरतो. निळा विझला की पिवळा. म्हणून तवंगावर पिवळा, गुलाबी, निळा, हिरवा असे पट्टे जाडीप्रमाणे पुन्हा पुन्हा येतात. इंद्रधनुषी म्हणण्याचा प्रघात आहे आणि मीही तोच शब्द वापरला आहे, पण मोराच्या पिसाशी याचं नातं जास्त जवळचं आहे.

हे थर किती पातळ असतात? माणसाचा केस साधारण ७० ते ८० मायक्रोमीटर जाड असतो. हजार मायक्रोमीटर म्हणजे एक मिलिमीटर. समुद्रावर सांडलेल्या तेलाची टेहळणी विमानातून करणारी माणसं रंगावरून जाडीचा अंदाज बांधतात. ०.३ मायक्रोमीटरच्या आत नुसती रुपेरी चकाकी, ०.३ ते ५ मायक्रोमीटरपर्यंत इंद्रधनुषी रंग, आणि त्याहून जाड झालं की रंग जाऊन धातूसारखी मळकट झाक. म्हणजे रंग सुरू होतात ते केसाच्या अडीचशेव्या भागाएवढ्या जाडीला. एक चमचा, पाच मिलिलिटर तेल त्या जाडीने पसरलं तर सोळा चौरस मीटर पाणी रंगवतं, घरातली एक मोठी खोली व्यापेल एवढं. पावसाळ्यात पेट्रोल पंपाबाहेरचा ओला रस्ता रंगीत दिसतो तो थेंबांच्याच जिवावर.

एवढं पातळ काही पाहायला मागे अंधार लागतो. ओल्या डांबरावर रंग खुलतात, कोरड्या धुळकट रस्त्यावर दिसत नाहीत. पाण्याचंही तसंच. तळ पांढऱ्या वाळूचा असेल तर खालून आलेला उजेड वरचे नाजूक रंग बुडवून टाकतो. दलदलीचं पाणी कुजलेल्या पानांच्या अर्काने कोऱ्या चहासारखं झालेलं असतं, ते खालचा उजेड गिळतं आणि वरचा थर झळाळून उठतो. शिवाय पाणी स्थिर हवं, वारा पडलेला हवा, आणि आकाशाचं प्रतिबिंब डोळ्यांत येईल अशा तिरप्या कोनातून पाहायला हवं. एकाच डबक्यावर एका बाजूने रंग दिसतात आणि दुसऱ्या बाजूला गेलं की नाहीसे होतात, त्यात गूढ काही नाही.

रंगांचं हे कारण कळायला माणसाला वेळ लागला. रॉबर्ट हूक यांनी १६६५ सालच्या ‘मायक्रोग्राफिया’त अभ्रकाच्या पातळ पत्र्यांवरचे रंग नोंदवले. न्यूटन यांनी सपाट काचेवर फुगीर भिंग ठेवून मधल्या हवेच्या थराची जाडी आणि रंगांची कडी यांचा मेळ काटेकोर मोजला. ती मोजमापं १७०४ सालच्या ‘ऑप्टिक्स’मध्ये आहेत. पण प्रकाश म्हणजे कणांचा प्रवाह अशी त्यांची धारणा असल्याने लाटांचं उत्तर त्यांनी दिलं नाही. ते थॉमस यंग यांनी १८०१ मध्ये मांडलं, आणि न्यूटन यांच्याच मोजमापांवरून वेगवेगळ्या रंगांच्या लाटांची लांबी काढून दाखवली. दोन पिढ्यांमधलं हे देणंघेणं मला फार आवडतं. एकाने नीट मोजून ठेवलं, म्हणून दुसऱ्याला नीट समजलं.

तवंगाच्या इतिहासात दोन प्रसंग मला विशेष जवळचे आहेत. पहिला बेंजामिन फ्रँकलिन यांचा. लंडनजवळच्या क्लॅपहम इथल्या तळ्यावर त्यांनी चमचाभर तेल ओतलं, तर वाऱ्याने शहारलेलं सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं. १७७४ मध्ये छापलेल्या लेखात त्यांनी हेही नोंदवलं, की तेल पसरताना आधी रंग दिसतात आणि पुढे ते इतकं पातळ होतं की दिसेनासं होतं. चमचाभर तेलाला अर्ध्या एकराने भागलं तर जाडी येते मायक्रोमीटरच्या हजारांश भागाच्या दोन-तीन पट. म्हणजे जवळजवळ एका रेणूची उंची. फ्रँकलिन यांनी तो भागाकार केला नाही, पण मोजमाप त्यांच्या हातात होतं.

दुसरा प्रसंग स्वयंपाकघरातला. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग इथे आग्नेस पॉकेल्स नावाची तरुणी घर सांभाळत होती. स्त्रियांना तिथल्या विद्यापीठांत तेव्हा प्रवेश नव्हता. भांडी धुताना पाण्यावर येणारा स्निग्ध थर ती पाहत राहिली, आणि वयाच्या विशीत तिने पत्र्याच्या पन्हळीत पाणी भरून, त्यावर पट्टी सरकवून, थर दाबला की पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण कसा बदलतो ते मोजायची रीत बसवली. १८९१ च्या जानेवारीत तिने ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. त्यांनी ते ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाकडे पाठवलं आणि मार्चमध्ये ते छापून आलं. पुढे रेणूंच्या एकेरी थरांचा जो मोठा अभ्यास झाला, त्याची मुळं त्या मोरीपाशी आहेत. उष्ट्या भांड्यांच्या पाण्यावरचा तवंग आपल्यापैकी प्रत्येकीने पाहिलेला असतो. पॉकेल्सबाई तिथून डोळा न हलवता वर्षानुवर्षं थांबल्या.

आता आजीच्या डबक्याकडे वळू. तेल नव्हतं, तर तिथे काय होतं? लोखंड होतं.

जांभा म्हणजे लोहाने भरलेला दगड. कोट्यवधी पावसांनी मूळ खडकातलं धुऊन जाण्याजोगं सगळं धुऊन नेलं आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्यातून तो घडला. फ्रान्सिस बुकानन यांनी केरळात अंगाडिपुरम् इथे हा दगड विटांसारखा कापून वापरताना पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ नाव दिलं. कोकण-गोव्यातल्या माणसाला त्याचे चिरे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. त्याच्या लाल मातीची काव कोकण-गोव्यातल्या देवळांच्या भिंतींवरच्या कावी चित्रांत आजही उठून दिसते.

या दगडातलं लोह गंजलेल्या रूपात असतं आणि त्या रूपात ते पाण्यात विरघळत नाही. पण पावसाचं पाणी मुरत मुरत जिथे पानं-मुळं कुजतात अशा थरात पोचलं की कुजण्यात प्राणवायू संपून जातो. तिथले जीवाणू मग श्वासासाठी प्राणवायूऐवजी गंजलेलं लोह वापरतात, आणि त्या व्यवहारात लोहाचं रूप बदलून ते विरघळतं. हे पाणी स्वच्छ, रंगहीन दिसतं. पाझर बाहेर पडला, हवा लागली, की लोह पुन्हा गंजतं आणि पाण्याबाहेर येतं. झऱ्याच्या तोंडाशी साठणारा नारिंगी, कापसासारखा गाळ हाच. आणि साचल्या पाण्याच्या वरच्या पदरावर, हवा आणि पाणी भेटतात तिथे, त्याच गंजाची साय धरते. मायक्रोमीटरच्या काही भागाएवढी पातळ, कडक, ठिसूळ. म्हणून ती काडीने फुटते.

ही साय धरण्याचं काम हवा एकटी करत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एहरेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञांनी गंजाच्या गाळात पिळदार दोऱ्यांसारखे जीव पाहिले. त्यांना आज आपण गॅलिओनेला म्हणतो. १८८७-८८ च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की यांनी स्ट्रासबर्गमध्ये मांडलं, की काही जीवाणू लोह गंजवून त्यातून जगण्याची शक्ती मिळवतात. ना ऊन, ना अन्न, नुसतं लोखंडाचं गंजणं. या व्यवहारात मिळकत फार थोडी, म्हणून मूठभर जिवासाठी ढीगभर लोह गंजवावं लागतं. शिवाय मोकळ्या हवेत लोह आपोआप भराभर गंजतं, मग जीवाणूंना काही उरत नाही. म्हणून ते अशी जागा धरतात जिथे प्राणवायू आहे, पण जेमतेम : पाझराचं तोंड, कुणग्याची कड, दलदलीचा पृष्ठभाग. लेप्टोथ्रिक्स नावाच्या त्यांच्या भाईबंदांपैकी काही पोकळ नळ्या विणतात. एक जात पाण्याच्या पृष्ठभागालाच चिकटून राहते आणि तिच्याभोवती लोह व मँगनीजचा थर साठतो. डबक्यावरच्या रंगांमध्ये तिचा मोठा हात असतो.

भात लावणाऱ्यांना हे सगळं दुसऱ्या रूपात ओळखीचं आहे. पाणी भरलेल्या कुणग्यातून भाताचं रोप उपटून त्याची मुळं धुवा. चिखल जातो, पण मुळांवर एक तांबूस लेप राहतो. भाताचं मूळ पोकळ असतं, पानांकडून आलेला प्राणवायू ते चिखलात थोडा झिरपू देतं, आणि तो लागताच आसपासचं विरघळलेलं लोह मुळावर गंजून बसतं. डबक्यावरची साय आणि मुळावरचा लेप ही सख्खी भावंडं. आजीला जीवाणू माहीत नव्हते. पण त्या पाझराच्या पाण्याचा चहा काळा पडतो, त्यात धुतलेल्या पांढऱ्या कपड्याला डाग पडतो, आणि त्यावर जो तवंग येतो तो तेलाचा नसतो, हे तिला माहीत होतं. चहा काळा पडतो तो त्यातल्या तुरट द्रव्याची लोहाशी गाठ पडल्यामुळे. हिरडा आणि हिराकस यांची शाई जुन्या काळी याच गाठीवर होत असे.

दलदलीतल्या या लोहाने माणसाचा संसारही चालवला आहे. उत्तर युरोपात दलदलीच्या तळाशी साठणाऱ्या लोहाच्या ढेपा शतकानुशतकं भट्टीत जात होत्या. शोधणाऱ्याला पाण्यावरचा रंगीत तवंग आणि नारिंगी गाळ ही खूण उपयोगी पडे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर लान्स ओ मेडोज इथे सुमारे हजार वर्षांपूर्वी नॉर्स दर्यावर्दी उतरले. तिथल्या लाकडांवरच्या धातूच्या पात्याच्या खुणा १०२१ सालच्या असल्याचं आता ठरलं आहे. त्यांनी तिथे दलदलीचं लोह गाळलं, त्या भट्टीचे अवशेष सापडले. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समध्ये १७६६ साली बॅट्स्टो इथे निघालेल्या कारखान्याने दलदलीच्या लोहापासून भांडी घडवली आणि स्वातंत्र्ययुद्धात तोफगोळे पुरवले. आपल्याकडे दलदलीतून नव्हे, पण त्याच जांभ्यातून महाबळेश्वरच्या डोंगरात धावड लोक लोखंड गाळत. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या भट्ट्या विझल्या. डबक्यावरच्या सायीत आणि धावडांच्या भट्टीत लोह तेच. एकीकडे ते पाण्यातून गंजाकडे चाललेलं, दुसरीकडे गंजातून धातूकडे.

पण काडीने न फुटणारेही नैसर्गिक तवंग आहेत, आणि त्यांच्यासाठी मला वाचकाला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर न्यावं लागेल. व्हर्जिनिया राज्यातल्या व्हर्जिनिया बीच शहरात फर्स्ट लँडिंग स्टेट पार्क आहे. १६०७ च्या एप्रिलमध्ये जेम्सटाउन ही वसाहत वसवायला निघालेले इंग्रज आधी याच किनाऱ्यावर उतरले, म्हणून हे नाव. आत बॉल्ड सायप्रस वृक्षांची दलदल आहे. हा सूचिपर्णी वृक्ष असूनही थंडीत पानं गाळून बोडका होतो, बुंध्याशी रुंद होत जातो आणि त्याच्या मुळांतून गुडघ्यांसारखे खुंट पाण्यावर येतात. गळलेली बारीक पानं आणि शंकू पाण्यात कुजतात. पानांतल्या तुरट द्रव्याने पाणी गडद तपकिरी होतं, आणि शंकू-पानांतलं तेलकट द्रव्य सुटून वर येतं. वारा नसलेल्या थंडीच्या दिवशी, ऊन तिरपं असताना, झाडांच्या मधलं सगळं पाणी गुलाबी-निळ्या-सोनेरी पट्ट्यांनी भरून जातं. फ्लॉरिडातही अशा सायप्रसच्या दलदली आहेत. त्यांची छायाचित्रं पाहणाऱ्याला ती रंगवलेली वाटतात, इतके ते रंग दाट असतात.

इथे काडी घातली तर तवंग वळतो आणि पुन्हा जुळतो, अगदी माझ्या करवंटीतल्या रॉकेलसारखा, कारण तो खरोखरच तेलाचा आहे. फक्त ते तेल झाडाचं आहे. म्हणून काडीची परीक्षा पूर्ण नाही, हे मला सुरुवातीलाच स्पष्ट सांगायचं आहे. तवंग फुटला तर तो लोहाचा, हे बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. नाही फुटला, तर पुढचे प्रश्न विचारावे लागतात. वास कसला येतो, डिझेलचा की कुजलेल्या पानांचा? वरच्या अंगाला काय आहे, झाडं की गॅरेज? तवंग रोज त्याच जागी नव्याने येतो, की एकदा येऊन वाहून जातो?

फुटला तरी चौकशी संपत नाही. लोह पाण्यात उतरतं ते प्राणवायू संपल्यावर, आणि प्राणवायू पानांनी संपवला की कचऱ्याने, याची लोहाला फिकीर नसते. जुन्या कचराभूमीच्या उतरणीला असलेल्या पाझरांवरही अशीच साय धरते. खाणींनी उघड्या पाडलेल्या डोंगरांतूनही तांबूस पाणी उतरतं. साय नैसर्गिक असते, तिच्यामागचं कारण दरवेळी नैसर्गिक असेलच असं नाही. खारफुटीच्या चिखलातल्या खाचांमध्ये दिसणारा रंग बहुधा निरोगी चिखलाचा असतो. तोच रंग शहराच्या नाल्याशेजारी दिसला तर मी चार पावलं वर चालत जाऊन पाहते.

हे सगळं एवढ्या तपशिलाने का? कारण न पाहता ठरवण्याचे तोटे दोन्ही बाजूंनी होतात. रानातल्या निर्मळ पाझरावर रंग दिसला की लोक त्याला घाण समजतात, माती टाकून बुजवतात, त्यावर जगणारं सगळं संपतं. आणि खरं तेल आलं की “हे असंच असतं इथे” म्हणून सोडून देणारेही भेटतात. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं. ते सगळ्यांना दिसलं. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवर पावसाळ्याच्या सुमारास डांबराचे गोळे येतात, तेही दिसतात. पण एखाद्या खेड्यातल्या व्हाळात, ओढ्यात, दररोज उतरणारं चमचाभर तेल दिसायला, कोणता तवंग तेलाचा नाही हे आधी माहीत असावं लागतं. नैसर्गिक तवंग ओळखता येणं ही प्रदूषण ओळखण्याची पहिली पायरी आहे.

पुस्तकाची मांडणी त्याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात प्रकाश आणि पातळ थर, घरी करून पाहता येतील अशा प्रयोगांसह : साबणाचा फुगा, करवंटी, अभ्रकाचा पापुद्रा. दुसऱ्या भागात लोहाचे तवंग, जांभा आणि लोहजीवाणू. तिसऱ्यात झाडांच्या तेलाचे तवंग आणि काळ्या पाण्याच्या दलदली. चौथ्या भागात माणसाने सांडलेलं तेल, आणि पाण्याच्या काठावर उभं राहून क्रमाने विचारायचे प्रश्न. विज्ञानाचं शिक्षण नसलेल्या वाचकाला अडू नये असं लिहिण्याचा प्रयत्न केला आहे. जिथे रूढ मराठी शब्द आहे तिथे तोच घेतला, नाही तिथे इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवला. आजीने ‘पाझर’ म्हटलं असतं तिथे मी पाझरच लिहिलं आहे.

शेवटी एक अलीकडची गोष्ट. मागच्या वर्षी पावसाळा सरल्यावर मी पुन्हा त्या मेरेवर गेले. आजी नाही, खालचे दोन कुणगे पडीक आहेत, आणि सड्यावर चिरेखाण सुरू झाली आहे. पाझर मात्र तिथेच होता, डबकं जरा मोठं झालं होतं, आणि त्यावर रंग होते. मी काडी घातली. तवंग फुटला, तुकडे सुटे झाले, मला बरं वाटलं. मग काडी बाजूला करून मी थांबले, आणि पाहते तर तुकड्यांच्या मधल्या काळ्या भेगांतून एक बारीक रंगीत रेघ सरकत आली. ती एका तुकड्याला वळसा घालून पुढे गेली, फाटली, आणि पुन्हा जुळली. वाकून वास घेतला. डिझेल होतं.

त्या एकाच डबक्यात दोन्ही तवंग शेजारी शेजारी होते. फुटलेली साय आपल्या जागी तरंगत होती आणि तेल तिच्यामधून वाट काढत होतं. या वेळी ओसरीवर जाऊन बोलण्याआधी मी मेरेमेरेने वर चालत गेले, रेघ जिथून येत होती त्या दगड कापायच्या यंत्रापर्यंत, आणि मग बोलले. जे दाखवायचं होतं ते बोट ठेवून दाखवता आलं. या पुस्तकाने वाचकाला एवढंच करता यावं, अशी माझी इच्छा आहे.